अच्छा... रटगर्स?

मे महिन्यात न्यू जर्सीत कुठल्याही मराठी घरी जेवायला जा, पहिला वडा तोंडात जायच्या आत प्रश्न येतो, "मग, पोरगी कुठे चालली?" स्टर्न, म्हणजे न्यू यॉर्क युनिव्हर्सिटीचं (एनवाययू) बिझनेस स्कूल, म्हणालात की लगेच अरे वा, अरे वा, काँग्रॅच्युलेशन्स, आतून कोणीतरी बायकोला हाक मारून सांगतं की ऐकलंस का गं, एनवाययू! आणि रटगर्स, म्हणजे न्यू जर्सीचीच स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणालात तर, "अच्छा... छान आहे की. घराजवळ पण आहे." त्या अच्छा आणि छानच्या मधे जी दोन सेकंदं जातात ना, त्या दोन सेकंदांवर मला बोलायचंय, कारण त्या दोन सेकंदांच्या भीतीने आपल्यातली लोकं दोन-दोन लाख डॉलर उधळतात असं माझं स्पष्ट मत झालंय.

गेल्या वर्षी आमच्या घरी हेच चाललं होतं. मुलीला बिझनेस करायचं होतं, म्हणजे बॅचलर्स, एमबीए नाही, ते पुढचं पुढे. हातात दोन कागद. एक मॅनहॅटनमधल्या प्रायव्हेट बी-स्कूलचा, एक रटगर्स बिझनेस स्कूलचा. आम्ही एडिसनला राहतो, ओक ट्री रोडपासून पाच मिनिटांवर, त्यामुळे रटगर्स म्हणजे रूट २७ ने सरळ गेलं की आलंच. आणि खरं सांगतो, सुरुवातीला माझ्याही मनात तेच दोन सेकंद आले होते.

आता आधी आकडे, कारण आपण सगळे इंजिनिअर असून या एकाच बाबतीत आकडे बघत नाही. स्वतःच्याच स्टेटच्या युनिव्हर्सिटीत गेलं तर रटगर्सची फी वर्षाला साधारण १८ हजार डॉलर, हॉस्टेल-जेवण धरून सगळं मिळून ३५ हजारांच्या आसपास. एनवाययूचा सगळा खर्च ९० हजारांच्या वर. म्हणजे वर्षाला ५५-६० हजारांचा फरक, चार वर्षांचे झाले सव्वादोन लाख. मुलगी घरून जाऊन-येऊन करणार असेल तर फरक अजून वाढतो. यातले दोन लाख जर कर्ज काढून भरले आणि ९ टक्के व्याज धरलं, तर दहा वर्षं महिन्याला अडीच हजारांचा हप्ता आणि एकूण तीन लाखांच्या वर परतफेड. बिझनेस करून निघालेल्या पोरीला पहिल्या नोकरीत साठ-सत्तर हजार मिळाले तर आपण पेढे वाटतो. त्यातून टॅक्स, जर्सी सिटीतलं भाडं आणि वर हा हप्ता, कसं जमायचं ते तुम्हीच कागदावर मांडून बघा.

आणि ९ टक्के मी हवेतून काढलेले नाहीत. पॅरेंट प्लस नावाचं जे सरकारी कर्ज आई-बापांना मिळतं त्याचा दर २०२४-२५ ला ९.०८ टक्के होता, २०२५-२६ ला ८.९४, वर कर्ज हातात पडायच्या आधीच चार टक्क्यांच्या वर फी कापतात. पोराच्या स्वतःच्या नावावर सरकार पहिल्या वर्षी फक्त ५,५०० देतं आणि चारही वर्षांचे मिळून २७ हजारच्या पुढे नाही. बाकीचं सगळं बापाच्या माथ्यावर. आता तर १ जुलै २०२६ पासून नव्याने पॅरेंट प्लस घेणाऱ्यांना एका मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजार एवढीच मर्यादा आली आहे. म्हणजे ९० हजारवाल्या कॉलेजला उरलेला खड्डा प्रायव्हेट बँकेच्या लोनने भरायचा, त्यात को-सायनर, म्हणजे जामीन, तुम्ही, आणि ते लोन पोराच्या दिवाळखोरीत पण सहजासहजी सुटत नाही. घराचं लोन फेडता नाही आलं तर निदान घर तरी विकता येतं, डिग्री विकायला कुठे उभं राहणार?

इथे कोणीतरी म्हणणारच की अरे पण रिटर्न बघ ना, नेटवर्क बघ. बघू या की.

२००२ साली स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर या दोघांनी एक गाजलेला अभ्यास केला होता. नामांकित कॉलेजातली पोरं जास्त कमावतात हे तर दिसतंच, पण ती कॉलेजमुळे कमावतात की मुळातच हुशार आणि धडपडी असतात म्हणून, हा प्रश्न होता. तर त्यांनी अशी पोरं शोधली ज्यांना सारख्याच कॉलेजांकडून होकार आला होता, पण काही जण मोठ्या नावाच्या ठिकाणी गेले आणि काही साध्या ठिकाणी. पुढे दोघांची कमाई जवळपास सारखीच निघाली. अपवाद होता गरीब घरातल्या मुलांचा, आणि नंतरच्या कामात काळ्या, हिस्पॅनिक आणि कमी शिकलेल्या आई-वडलांच्या मुलांचा, त्यांना मोठ्या कॉलेजचा खरंच फायदा झाला. ते समजण्यासारखं आहे, ज्याच्या घरात कोणी ऑफिसात काम केलेलं नाही त्याला कॉलेजच ओळखी करून देतं. पण आपल्या पोरांचं काय? आई एका फार्मा कंपनीत, बाप बँकेच्या आयटीत, काका डेलॉइटला, मंडळात अर्धी लोकं कुठे ना कुठे मॅनेजर. ज्या नेटवर्कसाठी आपण सव्वादोन लाख द्यायला निघालोय ते गणपतीच्या आरतीला आपल्या शेजारी टाळ्या वाजवत उभं असतं.

दुसरा अभ्यास जास्त ताजा, २०२३ चा, राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांचा. हा मात्र दुसऱ्या बाजूने पण बोलतो म्हणून तो लपवणार नाही. ते म्हणतात की आयव्ही लीगची आठ आणि स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक, शिकागो अशा बारा ठिकाणी गेल्याने सरासरी कमाईत फारसा फरक पडत नाही, पण अगदी वरच्या १ टक्क्यात पोचण्याची शक्यता साधारण दीडपट होते आणि बड्या नावाच्या कंपनीत शिरण्याची तर जवळपास तिप्पट. म्हणजे नाव अगदीच पोकळ नसतं. पण ती यादी परत एकदा वाचा. बारा कॉलेजं. आपण ज्या प्रायव्हेट बिझनेस स्कूलांसाठी घर गहाण टाकायला निघतो त्यातली बहुतेक त्या बारात नाहीतच. भाव मात्र सगळ्यांचा तोच, हापूसच्या पेटीत कर्नाटकचा आंबा.

बिझनेसच्या बाबतीत तर अजून एक गंमत आहे जी मला स्वतःला शोधाशोध केल्यावर कळली. या देशातल्या बॅचलर्सच्या नावाजलेल्या बिझनेस स्कूलांमधे ढीगभर सरकारी आहेत. मिशिगनचं रॉस, बर्कलीचं हास, टेक्सासचं मॅकोम्ब्स, व्हर्जिनियाचं मॅकइंटायर, नॉर्थ कॅरोलायनाचं केनन-फ्लॅगलर, इंडियानाचं केली. अकाउंटिंगला तर इलिनॉय आणि टेक्सासची नावं कायम वर. त्या स्टेटमधे राहणारा मराठी माणूस मुलाला तिथे न पाठवता बोस्टनला ९० हजारवाल्या ठिकाणी पाठवतो तेव्हा मला खरंच कळत नाही की तो काय विकत घेतोय. फ्लोरिडात तर युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडाची स्टेटवाल्यांसाठीची ट्यूशन फी वर्षाला साडेसहा हजारांच्या आत आहे आणि मार्क चांगले असतील तर ब्राइट फ्यूचर्स स्कॉलरशिप तेही भरते. इंडियानात पर्ड्यूने २०१३ पासून ९,९९२ वर फी गोठवून ठेवली आहे.

रटगर्स रॉस, हास वगैरेंच्या या यादीत नाही, मान्य. पण मी स्वतः जाऊन बघून आलो. बिझनेस स्कूल लिव्हिंग्स्टन कॅम्पसला आहे, सप्लाय चेनचं नाव आहे, आणि का असणार नाही, पंचवीस-तीस मैलांवर नेवार्क-एलिझाबेथचं बंदर आहे, न्यू ब्रन्सविकच्या स्टेशनपलीकडे जॉन्सन अँड जॉन्सनचं हेडऑफिस, राहवेला मर्क. अकाउंटिंगवाल्या पोरांना ऑडिटच्या चार मोठ्या फर्म्स कॅम्पसवर येऊन घेऊन जातात. सीपीएची, म्हणजे इथल्या सीएची, परीक्षा तर सगळ्यांना तीच आहे, तिथे कोणी विचारत नाही की डेबिट-क्रेडिट कुठल्या गावात शिकलास. आणि न्यू यॉर्कच्या इंटर्नशिपला जायचं असेल तर नॉर्थईस्ट कॉरिडॉरची ट्रेन पकडा, तासाभरात पेन स्टेशन. बदलापूर-कर्जतची माणसं आयुष्यभर यापेक्षा जास्त करतात.

तोटे आहेतच. न्यू ब्रन्सविकला चाळीस हजारांवर पोरं, कॅम्पस पाच ठिकाणी विखुरलेला, बसच्या मागे पळायचं, पहिल्या वर्षाच्या लेक्चरला शेकडो जण, अॅडव्हायजरची अपॉइंटमेंट मिळवायची तर आठवडा आधी धडपडायचं. मोठ्या सरकारी युनिव्हर्सिटीत कोणी तुमच्या मागे येऊन विचारत नाही, बाळ तुझं बरं चाललंय ना. बुजऱ्या पोराला हे जड जाऊ शकतं आणि तिथे छोटं प्रायव्हेट कॉलेज खरंच बरं पडतं, हे मी माझ्या भाच्याच्या बाबतीत बघितलंय. दुसरं म्हणजे स्टेट युनिव्हर्सिटीत अॅडमिशन मिळाली म्हणजे तिथल्या बिझनेस स्कूलला मिळालीच असं सगळीकडे नसतं, काही ठिकाणी आत गेल्यावर परत अर्ज करावा लागतो आणि तिथे पत्ता कट झाला तर पोरगं इकॉनॉमिक्स करत बसतं. हे डिपॉझिट भरायच्या आधी विचारून घ्या, भरल्यावर नाही.

आणि ज्या पोराला पक्कं माहितीये की आपल्याला वॉल स्ट्रीटवर इन्व्हेस्टमेंट बँकिंगच करायचं आहे, त्याच्यासाठी पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीचं व्हार्टन, एनवाययूचं स्टर्न यांना तोड नाही, तिथे बँका स्वतःहून येतात, आणि आता तर इंटर्नशिपची भरती सेकंड इयरलाच सुरू होते त्यामुळे उशिरा जागं होऊन चालत नाही. पण पक्कं माहितीये म्हणजे किती पक्कं? माझ्या मुलीला पण फायनान्सच करायचं होतं. तिला विचारलं, बाळा बँकर दिवसभर काय करतो गं? म्हणे, "बाबा, डील्स." सतराव्या वर्षी मला पण धरण बांधायचं होतं, आज मी डेटाबेस सांभाळतो.

एक गोष्ट मात्र उलटी आहे आणि ती आपल्या लोकांना कोणी सांगत नाही. ज्यांचं उत्पन्न खरंच कमी आहे त्यांना महागडं प्रायव्हेट कॉलेज कधी कधी स्टेट युनिव्हर्सिटीपेक्षा स्वस्त पडतं. एनवाययूनेच २०२४ पासून एक लाख डॉलरच्या आत उत्पन्न असलेल्या घरांना नव्या विद्यार्थ्यांची ट्यूशन माफ केली आहे. मधल्या फळीतली प्रायव्हेट कॉलेजं तर छापील किमतीवर पहिल्या वर्षाच्या पोरांना सरासरी निम्म्याहून जास्त सूट देतात, लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या सेलसारखं. म्हणून छापील आकडा बघून घाबरू पण नका आणि भुलू पण नका, प्रत्येक कॉलेजच्या साइटवर कायद्यानेच नेट प्राइस कॅल्क्युलेटर ठेवायला लावलेला आहे, त्यात स्वतःचे आकडे टाका. अडकतो तो आपल्यासारखा, दोघं कमावणारे, मिळून दोन लाख, मदत मिळायला श्रीमंत आणि फी भरायला गरीब. आधी दोन पोरं एकाच वेळी कॉलेजात असली की फाफ्साच्या, म्हणजे सरकारी मदतीच्या अर्जाच्या, फॉर्मुल्यात सवलत मिळायची, २०२४-२५ पासून तीही गेली. आणि अर्ली डिसिजनच्या भानगडीत पडलात, म्हणजे नोव्हेंबरमधेच आलो तर तुमच्याकडेच येणार असं लिहून दिलंत, की मग दोन ऑफर शेजारी ठेवून तुलना करायची सोयच उरत नाही. दुकानात शिरायच्या आधीच काय किंमत असेल ती देईन म्हणून सांगायचं, असा व्यवहार आपण तुळशीबागेत पण केला नसता.

अजून एक, एच-१बी वाल्यांसाठी. ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्यांची मुलं एच-४ वर, म्हणजे आई-बापाच्या व्हिसावर अवलंबून, त्यांना सरकारी मदत किंवा कर्ज काहीच नाही. स्टेटचा रेट मिळेल की नाही हे त्या त्या स्टेटवर अवलंबून, ते आधी विचारा. एच-४ वर पगारी इंटर्नशिप करता येत नाही आणि बिझनेसला इंटर्नशिप म्हणजेच सगळं, म्हणून पुष्कळ मुलं कॉलेजात एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, घेतात, एकवीस पूर्ण झाल्यावर तर घ्यावाच लागतो, आणि मग काही ठिकाणी स्टेटचा रेट हातचा जातो. अशा घरात चार वर्षांचा खर्च आजच्या रेटने मांडणं धोक्याचं. शिवाय साध्या बिझनेस डिग्रीनंतर कामाला एकच वर्ष मिळतं, पण बिझनेस अॅनालिटिक्ससारखी डिग्री स्टेममधे, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत, धरलेली असेल तर तीन. या पोरांसाठी कॉलेजच्या नावापेक्षा डिग्रीच्या पुढे स्टेम लिहिलंय का ते बघणं जास्त कामाचं, पण जेवणाच्या टेबलावर त्याला कोणी अरे वा म्हणत नाही ना!

आता एमबीए. नेटवर्क नेटवर्क म्हणून जे आपण ऐकतो ते बहुतेक एमबीएच्या नेटवर्कबद्दल असतं. चार-पाच वर्षं नोकरी केलेली माणसं एका वर्गात येतात, तिथे ओळखींना अर्थ असतो. अठरा वर्षांच्या पोरांचं नेटवर्क म्हणजे कोणाकडे कार आहे ते. वरच्या एमबीएचा खर्च वर्षाला लाख-सव्वा लाख, दोन वर्षं. आणि ज्या ग्रॅड प्लस कर्जावर पूर्वी हे व्हायचं ते १ जुलै २०२६ पासून नव्या लोकांना बंद, आता एमबीएला सरकार वर्षाला २०,५०० आणि एकूण एक लाखाच्या पुढे देणार नाही. म्हणजे ज्या वेळी नावावर पैसे टाकण्यात खरंच दम आहे त्या वेळी हातात पैसा लागणार, आणि आपण तो बॅचलर्सलाच संपवून बसलेले. रटगर्स करून मग व्हार्टनचं एमबीए केलेल्याला कोणी विचारतं का बॅचलर्स कुठून?

पण हे सगळे हिशोब बाजूला ठेवू. मला खरं खटकतं ते वेगळंच. मी कराडच्या गव्हर्मेंट इंजिनिअरिंगला शिकलो. वर्षाची फी किती होती आठवत नाही, एवढं आठवतं की मेसचं बिल भरताना वडलांचा चेहरा पडायचा, फी भरताना नाही. मग मिडवेस्टमधल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत एमएस, असिस्टंटशिप मिळाली आणि ट्यूशन माफ, मक्याच्या शेतात वसलेल्या त्या गावातल्या लोकांनी टॅक्स भरून मला फुकट शिकवलं, मी त्यांचा कोण होतो? लिंकनने १८६२ साली मॉरिल कायद्यावर सही करून शेतकऱ्या-कामगारांच्या पोरांसाठी सरकारी जमिनी देऊन जी कॉलेजं उभी केली त्यातलंच ते एक. रटगर्स पण १८६४ पासून त्याच लँड-ग्रँटवाल्यांत आहे. मंडळात कोणालाही विचारा, सीओईपी, व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, मग टेक्सास ए अँड एम, अॅरिझोना स्टेट. आपण सगळे याच शिडीवरून वर आलो. आणि आता आपल्याच पोरांना सांगतोय की ती शिडी साधी आहे रे, तुला काचेची लिफ्ट हवी.

याचा परिणाम एका घरापुरता राहत नाही. २००८ च्या मंदीनंतर बहुतेक स्टेट्सनी युनिव्हर्सिट्यांचा पैसा कापला, फी वाढली, मग बाहेरच्या स्टेटची जास्त फी देणारी पोरं घ्यायला लागले. न्यू जर्सी तर हुशार पोरं बाहेर पाठवण्यात देशात अगदी वरच्या नंबरात आहे. एडिसनचे पालक शाळेच्या बजेटच्या मीटिंगला भांडायला जातात, प्रॉपर्टी टॅक्सची पावती दाखवून विचारतात की आमच्या पैशाचं काय केलंत. रटगर्सचं बजेट ट्रेंटनमधे, स्टेटच्या राजधानीत, कापलं जातं तेव्हा यातला एकही जण तिकडे फिरकत नाही, कारण आपली पोरं तिथे जाणारच नाहीत असं आधीच ठरलेलं. ज्या रस्त्यावरून आपली गाडी जात नाही त्यातले खड्डे आपल्याला कुठे दिसतात?

आमच्या मुलीने एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात रटगर्सला डिपॉझिट भरलं. मी तिला जा असं म्हटलं नव्हतं आणि नको असंही नाही, फक्त मी आणि बायको तिच्यासमोर बसलो, कॉलेजसाठी साठवलेल्या ५२९ खात्यात किती आहेत, पगार किती, घराचे हप्ते किती राहिलेत, आजीच्या औषधांना पुण्याला किती जातात, सगळं एका एक्सेल शीटमधे दाखवलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली की हे आधी का नाही दाखवलंत, मी उगाच दोन कॉलेजांची अॅप्लिकेशन फी घालवली.

परवा पार्सिपनीच्या एका मित्राचा फोन आला, त्याचा मुलगा आता ज्युनिअर इयरला, म्हणजे अकरावीला आहे, बोस्टनच्या एका प्रायव्हेट बी-स्कूलला अर्ली डिसिजन टाकू का विचारत होता. मी म्हटलं आधी नेट प्राइस कॅल्क्युलेटर उघड, मुलाला शेजारी बसव आणि आकडे त्यालाच टाकायला लाव. तो हसला. "अरे काय बोलतोस, पोराला काय सांगायचं आपण किती कमावतो ते?"

म्हटलं, लोनवर सही त्याची पण घेणार आहेस ना?